वाचकांचे प्रश्न : हलकं पिस्तूल, जड धक्का

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं पिस्तूल-रिव्हॉल्व्हरबद्दल आहेत, आणि फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात: कोणतं घ्यावं आणि धक्का कसा आवरावा. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. परवान्याचं थोडक्यात, शेवटाकडे.

प्रश्न (उदगीर): .३२ बोअरचा (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचात) परवाना मिळाला आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन कागदावर नेम मारायचा, एवढीच हौस. दुकानदार पाचशे ग्रॅमचं हलकं रिव्हॉल्व्हर दाखवतो, म्हणतो वागवायला सोपं. ओळखीच्या एकाकडे सातशे ग्रॅमचं जुनं आहे, तो विकायला तयार आहे. तिसरा सांगतो, रिव्हॉल्व्हर सोडा, .३२ चं पिस्तूल घ्या. कोणाचं ऐकू?

उत्तर: रेंजवर वापरायचं असेल तर जड घ्या. दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो कमरेला लावून फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार करतोय. कानपूरच्या आयुध निर्माणीचं 'निर्भीक' २०१४ साली आलं ते पाचशे ग्रॅमचं, टायटॅनियम मिश्रधातूचं. जवळ बाळगायला ते सोयीचं, पण कागदावर एका बैठकीत पन्नास गोळ्या मारायला नाही.

हिशेब करून पाहा. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ६.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. गोळी आणि मागून सुटणारा वायू मिळून जेवढा संवेग पुढे जातो, तेवढाच उलट दिशेने तुमच्या तळहातावर येतो. हत्यार सातशे ग्रॅमचं असेल तर ते सेकंदाला दोन मीटरच्या थोड्या जास्त वेगानं मागे येतं आणि धक्क्याची ऊर्जा भरते सुमारे १.६ ज्यूल. तीच गोळी पाचशे ग्रॅमच्या हत्यारातून सोडली तर वेग तीन मीटरवर आणि ऊर्जा सव्वादोन ज्यूलच्या घरात. काडतूस तेच, फक्त दोनशे ग्रॅम कमी केले आणि धक्का चाळीस टक्क्यांनी वाढला. तुलनेसाठी, सव्वा किलोच्या आतल्या .२२ स्पर्धा-पिस्तुलाचा धक्का साधारण ०.४ ज्यूल असतो. म्हणजे हलकं .३२ हे .२२ च्या पाच-सहा पट. दहा-पंधरा गोळ्यांनंतर हात त्याची धास्ती घेऊ लागतो, आणि एकदा लागलेली धास्ती उतरवायला महिने जातात.

वजनाइतकंच नळीची लांबी बघा. या वर्गातल्या रिव्हॉल्व्हरची नळी साधारण तीन इंचांची, त्यामुळे मागच्या आणि पुढच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर बारा सेंटिमीटरच्या आसपास. साइट एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर चुकते. एअर पिस्तुलावर हेच अंतर बत्तीस सेंटिमीटरच्या जवळ असतं, तिथं तेवढ्याच चुकीला तीन सेंटिमीटरच भरतात. म्हणून आखूड नळी घेऊन २५ मीटरवर गोळ्या उधळण्यात अर्थ नाही. सात मीटरवर सुरू करा. पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसू लागल्या की दहावर या.

घेण्याआधी हातात धरून चार गोष्टी तपासा. मूठ तुमच्या हाताला पुरते का: करंगळी मुठीखाली लोंबकळत असेल तर धक्का आवरणार नाही, मोठी रबरी किंवा लाकडी मूठ बसवून घ्या. ट्रिगर: डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा (मागचा हॅमर) न चढवता ओढला, तर ताण चार-पाच किलोचा किंवा त्याहून जास्त निघतो, कागदावर मारताना घोडा चढवून सिंगल अॅक्शनमध्येच मारा. सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं): रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करून घोडा चढवा आणि सिलिंडर बोटांनी हलवा, जरा खेळ असणारच, पण खडखड नको. आणि नळी व सिलिंडरमधली फट: उजेडाकडे धरून पाहा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे बंद दिसली तर ते हत्यार घेऊ नका. ओळखीच्याकडून घेणार असाल तर व्यवहार परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या परवानगीनंच, दोन्ही परवान्यांवर नोंद होऊन.

आता पिस्तूल. .३२ चं पिस्तूल नुसत्या स्लाइडच्या (गोळी सुटली की मागे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) वजनावर आणि स्प्रिंगवर चालतं. त्याची नळी हातापासून कमी उंचीवर असल्यानं तोंड कमी उडतं, पण जड स्लाइड मागे आदळते म्हणून धक्का तीक्ष्ण लागतो. शिवाय स्प्रिंग कडक, स्लाइड मागे ओढायला जोर लागतो. नवशिक्याला रिव्हॉल्व्हर बरं, कारण आत काय भरलंय ते डोळ्यांना दिसतं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतं, पण त्याचा दाब बराच जास्त असतो. शिरलं म्हणजे चाललं असं नाही. दुकानात डबीवरचं पूर्ण नाव वाचा.

खरं सांगायचं तर हौस निव्वळ नेमाची असेल तर .३२ हा लांबचा रस्ता आहे. काडतूस महाग, धक्का जास्त आणि त्या मानानं अचूकता कमी. आधी दहा मीटर एअर पिस्तुलावर सहा महिने घालवा. ट्रिगर तिथं शिकता येतो, .३२ वर तो शिकता येत नाही.

प्रश्न (परभणी): क्लबचं .२२ पिस्तूल आहे. उजव्या हातानं मारतो. दहातल्या सात गोळ्या खाली डावीकडं जातात. साइट फिरवून पाहिली, तर उरलेल्या तीन वर उजवीकडं जायला लागल्या. कोच म्हणतात रिकॉइलला, म्हणजे धक्क्याला, घाबरतोस. .२२ ला कसला आलाय रिकॉइल? मग कामून असं होतंय?

उत्तर: कोच बरोबर आहेत आणि तुम्हीही. धक्का फारसा नाही, पण हात त्याची वाट बघतोय. एवढ्यानंच गोळी जाते.

गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पिस्तूल किती मागे सरकतं? गोळी २.६ ग्रॅमची, पिस्तूल अकराशे ग्रॅमचं, नळी बारा सेंटिमीटरची: उत्तर येतं ०.३ मिलिमीटरच्या आत. तोंड वर उडालेलं आपल्याला दिसतं ते जवळजवळ सगळं गोळी निघून गेल्यावरचं. घोडा सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात, आणि माणसाला कशालाही प्रतिसाद द्यायला सेकंदाचा पाचवा-सहावा भाग लागतो. म्हणजे धक्क्यानंतर मनगटानं काहीही केलं तरी गोळीवर त्याचा परिणाम नाही. गोळी खाली गेली याचा अर्थ मनगट आधीच खाली दाबलं गेलं. डावीकडे गेली कारण ट्रिगरचं बोट झटक्यानं आलं आणि त्याच्याबरोबर बाकीची तीन बोटंही आवळली. उजव्या हातात ती मुठीला डावीकडे वळवतात. डावखुऱ्याच्या गोळ्या याच कारणानं खाली उजवीकडे जातात.

साइट फिरवल्यावर चांगल्या सुटलेल्या तीन गोळ्या वर उजवीकडे गेल्या, हाच पुरावा. साइट मुळात ठीक होती. ती आधीच्या खुणेवर आणा. तरी शंका असेल तर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून पाच गोळ्या मारा. टेकवून मारलेला गट मध्यावर बसला आणि मोकळ्या हाताचा खाली गेला, तर दोष हाताचा. टेकवूनही गट बाजूलाच बसला तरच साइटला हात लावा, आणि गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागची साइट सरकवा.

आता उपाय. सोबत्याला मॅगझिन भरायला द्या: पाचात दोन डमी काडतुसं, क्रम त्यानं ठरवायचा, तुम्ही बघायचं नाही. डमीवर ट्रिगर पडला की स्फोट होत नाही आणि पुढची साइट काय करते ते उघडं पडतं. पहिल्या दिवशी ती खाली डुबकी मारताना दिसेल. ओशाळू नका, जवळपास सगळ्यांची मारते. ज्या गोळीला डुबकी दिसली तिच्यानंतर पाच वेळा ड्राय करा (पिस्तूल रिकामं करून नुसता ट्रिगर ओढा), मग पुढची. डुबकी पूर्ण थांबेपर्यंत गुण मोजूच नका. एक सावधगिरी: आवाज आला नाही म्हणजे डमीच असेल असं धरून पिस्तूल उघडू नका. खरं काडतूस उशिरानं पेटू शकतं. नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा.

ड्राय फायरिंगबद्दल. .२२ चं काडतूस कडेवर पेटतं, त्यामुळे रिकाम्या पिस्तुलात फायरिंग पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आदळून पिन बोथट होऊ शकते आणि कडेला खाच पडू शकते. पुष्कळ स्पर्धा-पिस्तुलांत ड्राय सरावासाठी वेगळी सोय असते, ती वापरा. नसेल तर डमी काडतूस किंवा मारलेल्या काडतुसाचं रिकामं केस (पितळी नळकांडी) घाला आणि दर वेळी ते थोडं फिरवा, म्हणजे पिन नव्या जागी पडेल.

पकड. मधलं बोट आणि अनामिका मुठीला सरळ मागे ओढतात, सगळा जोर या दोघांचा. करंगळी हलकी. अंगठा नुसता टेकलेला. अंगठ्यानं दाबलं की साइट उजवीकडे जाते. ट्रिगरच्या बोटाची पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर यावी, पेराचा सांधा नाही, आणि बोटाचा मागचा भाग मुठीला घासू नये. किती आवळायचं? हात थरथरेपर्यंत आवळा, मग थरथर थांबेपर्यंत सैल करा. तिथेच ठेवा आणि प्रत्येक गोळीला तेवढंच. कारण तो ०.३ मिलिमीटर प्रत्येक गोळीला सारखाच राहायला हवा. पकड एका गोळीला घट्ट आणि दुसरीला सैल झाली की नळीचं तोंड उठण्याचं प्रमाण बदलतं, आणि नेम सारखाच धरूनही गोळ्या वर-खाली होतात.

मनगट आणि कोपर कुलूप लावलेले. हात उचलल्यापासून सहा ते आठ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. दहाच्या पुढे गेलं तर डोळा थकतो, आणि 'आता सोडूनच टाकू' असा झटका येतो. हात खाली घ्या. हात खाली घेता येणं हेही कौशल्य आहे, क्लबात ते कोणी शिकवत नाही. गोळी सुटल्यावर ट्रिगर मागेच दाबून ठेवा, साइट परत खाचेत येऊ द्या, आणि मॉनिटरकडे बघण्याआधी गोळी कुठे गेली असेल ते तोंडानं सांगा. आठवडाभर कोऱ्या कागदावर मारा. टार्गेट उलटं लावलं की झालं. काळा गोल नसला की डोळा आपोआप पुढच्या साइटवर राहतो.

वेगाच्या प्रकारात धक्क्याचं दुसरं काम लागतं. स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात दहा सेकंदांत पाच गोळ्या. तिथं धक्क्यानंतर साइट आपणहून कुठे परत येते ते बघा. दर वेळी टार्गेटच्या डावीकडे उतरत असेल तर हातानं ढकलून आणू नका. मागचा पाय थोडा सरकवा, पूर्ण अंग वळवा. डोळे मिटून हात उचला, उघडा. साइट टार्गेटखाली सरळ आली म्हणजे पाय बरोबर.

प्रश्न (लातूर): मुलगी १४ वर्षांची. मनू भाकरची दोन पदकं टीव्हीवर पाहिल्यापासून पिस्तूल हवंच म्हणते. एअर पिस्तुलात सिलिंडरचं, पंपाचं, स्प्रिंगचं असे प्रकार सांगतात. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. काय घेऊ?

उत्तर: ताई, तीन महिने काही घेऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर शिकू द्या. हाताचं माप कळेल आणि हौस टिकते का तेही.

मग स्प्रिंगचं सोडून काहीही. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा हलायच्या आधीच आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि आदळतो. म्हणजे बाकी सगळ्या हत्यारांत गोळीनंतर जाणवणारी हालचाल इथं छर्रा नळीत असतानाच होते. मग मुलीला कळतच नाही की चूक तिची की पिस्तुलाची. स्वस्त आहे, पण सवयी बिघडवतं.

एकदाच तरफ ओढून हवा भरायचं पिस्तूल चांगलं, धक्का नगण्य, सिलिंडरची कटकट नाही. पण प्रत्येक छर्ऱ्याला तरफ ओढावी लागते, साठ गोळ्यांच्या सामन्यात १४ वर्षांच्या मुलीचा तोच हात थकतो. स्पर्धेपर्यंत जायचं असेल तर शेवटी दाबाखालची हवा भरलेल्या सिलिंडरचंच लागतं, नवं परदेशी घेतलं तर लाखाच्या पुढे. म्हणून पुष्कळ जण जुनं घेतात. जुनं घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर चालत नाही, आणि नवा घ्यायला वेगळे पैसे मोजावे लागतात. पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून आनंदलेले लोक इथे अडकतात.

नियमातली मापं: वजन दीड किलोपर्यंत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. मुलीसाठी नऊशे ग्रॅमच्या आसपासचं, आखूड नळीचं मॉडेल बघा. स्टायर आणि मोरिनी या दोन्ही कंपन्यांकडे असतात. दीड किलोचं जड पिस्तूल 'हात वाढेल' म्हणून घेऊ नका. खांदा झुकतो, कंबर मागे जाते, आणि ती ठेवण वर्षानुवर्षं राहते.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की यांत्रिक? इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर सुटण्याचा क्षण फार स्वच्छ असतो, पण दुरुस्ती लातुरात होणार नाही. टोकियोच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, आणि तो काढण्यात तिचा सामन्यातला मोलाचा वेळ गेला. ऑलिंपिकच्या खेळाडूवर जी वेळ येते ती आपल्यावर येणारच. यांत्रिक घ्या, आणि ओ-रिंगांचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) एक संच सोबत.

मूठ स्मॉल मापाची. खालची पट्टी तळहाताला टेकावी पण चिमटू नये, एक-दोन मिलिमीटर जागा असू द्या. जिथे पोकळी राहते तिथे एम-सील थापून, ओलं असतानाच हात दाबून ठसा घ्या (हाताला आधी खोबरेल तेल), वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. एकावेळी थोडंच. मनगट मात्र मुठीनं झाकता कामा नये, तपासणीत बाद होतं. घड्याळ, कडं, मनगटपट्टाही चालत नाही.

डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा, आळीपाळीनं डोळे मिटा. ज्या डोळ्यानं वस्तू त्रिकोणात राहते तो मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तरी घाबरू नका. मान जरा वळवून किंवा दुसऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंतची दुधी पट्टी लावून काम चालतं. डोळा मिटून मात्र मारू देऊ नका, उघड्या डोळ्यावरही ताण येतो.

घरी रोजचा सराव: एक लिटरची पाण्यानं भरलेली बाटली म्हणजे एक किलो. खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद धरायची, वीस सेकंद विश्रांती, दहा वेळा, दोन्ही हातांनी. एवढं पुरे. रोज तासभर केलं तर खांदा दुखेल.

प्रश्न (नांदेड): एप्रिल-मेमध्ये .२२ पिस्तूल अडकतं. रिकामं केस स्लाइडमध्ये उभं राहतं. हिवाळ्यात असं होत नाही. एअर पिस्तुलाच्या सिलिंडरवर उन्हाचा परिणाम होतो का, तेही सांगा.

उत्तर: उभं राहिलेलं केस म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेली नाही. कारणं तीन, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिन्ही एकत्र येतात. .२२ च्या गोळीवर मेणाचा थर असतो, ४२ अंशांत तो मऊ होतो, त्यावर फुफाटा बसतो आणि चेंबरमध्ये काळी लेई तयार होते. स्लाइडवरचं पातळ तेल ओघळून जातं. आणि घामानं मूठ निसटते, मनगट मागे झुकतं, स्लाइडला मागे जायला लागणारा टेकू मिळत नाही.

चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं केस ओढून काढणारा) नखुला दर शंभरेक गोळ्यांनंतर ब्रशनं साफ करा, तेलाचा एकच थेंब रुळांवर. काडतुसाची पेटी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. सावलीत, फडक्यात गुंडाळून. हाताला खडूची भुकटी, पावडर नको, टाल्कम निसरडी असते. आणि दुकानात 'हाय व्हेलॉसिटी' मिळाली म्हणून घेऊ नका. स्पर्धा-पिस्तूल स्टँडर्ड वेगाच्या काडतुसासाठी बांधलेलं असतं. जोरदार काडतुसानं अडकणं थांबेल, पण स्लाइड मागे आदळून बफर (तिचा दणका झेलणारा तुकडा) आणि फ्रेम खातं.

सिलिंडर: भरण्याचा दाब बहुतेक ठिकाणी २०० बार. भरताना तो गरम होतो, म्हणून हळू भरा. थंड झाल्यावर काटा खाली येतो, ती गळती नव्हे. भरलेला सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. हातपंपानं भरत असाल तर पन्नासेक दट्ट्यांनंतर पाच मिनिटं थांबा आणि पाणी सोडायची झडप उघडा, पावसाळ्यात तर दर वेळी. एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ समजा: वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): एका हातानं मारावं की दोन्ही? व्हिडिओत सगळे दोन्ही हातांनी मारतात.

उत्तर: ऑलिंपिक प्रकारच्या १०, २५, ५० मीटर स्पर्धांत एकच हात, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात. हौसेनं .३२ मारताना दोन्ही हात वापरा, धक्का निम्म्या त्रासात आवरतो. उजवा हात मुठीवर जेवढा वर चढेल तेवढा वर. नळी हातापासून जेवढी उंच तेवढं तोंड जास्त उडतं. डाव्या हाताचा तळवा उजव्यानं मोकळ्या सोडलेल्या जागेत बसवा आणि जास्त जोर डाव्याचा ठेवा, म्हणजे उजव्याचं बोट मोकळं राहतं. कोपरं जरा वाकलेली, वजन पायांच्या चवड्यांवर. मागे रेलून मारणाऱ्याची प्रत्येक पुढची गोळी वर चढते.

अंगठे सांभाळा. पिस्तुलात डावा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा ठेवला तर स्लाइड त्याची सालटी काढते. रिव्हॉल्व्हरमध्ये अंगठे पुढे ताणू नका: सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, कातडी कापतात. व्हिडिओतली पिस्तुलाची पकड रिव्हॉल्व्हरवर वापरणाऱ्यांना हेच भोवतं.

प्रश्न (जालना): जिनिंगचं रिकामं गोदाम आहे. दहा मीटर एअर पिस्तूल रेंज करता येईल का?

उत्तर: येईल. नळीच्या तोंडापासून नव्हे, मारणाऱ्याच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत १० मीटर मोजा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. टार्गेटवर उजेड किमान १५०० लक्स, लुकलुक न करणाऱ्या एलईडीचा. वीज जाते तेव्हा सराव थांबवा, अर्धवट उजेडात डोळा चुकीचं शिकतो. मागे ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा ४५ अंशांत पुढे झुकवून, म्हणजे छर्रा खाली पेटीत पडतो. पत्रा उभा सरळ लावला तर छर्रा मारणाऱ्याकडे परत येतो. टार्गेटच्या बाजूला एकही दार उघडं नको. असेल तर आतून कडी, नुसती पाटी नको. चष्मा सगळ्यांना. छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. झाडू मारू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय चहा नको.

प्रश्न (धाराशिव, बीड आणि आणखी चौघे): परवान्याचं काय? आणि स्वतःच्या शेतात सराव केला तर?

उत्तर: ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दुकानदाराला ओळखपत्र द्यावं लागतं. .२२ आणि .३२ ला लागतो. वय २१ पूर्ण, अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे (शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे), पोलीस अहवाल आणि हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. खेळासाठी अर्ज करत असाल तर रायफल असोसिएशनचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा, आणि सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं. ९ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, त्याचा नाद सोडा.

शेतात नाही. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि बांधापलीकडे कोण निंदत बसलंय ते तुम्हाला दिसत नाही. मान्यताप्राप्त रेंजवरच. लग्नाच्या वरातीत हवेत उडवणाऱ्यांना त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. एका पत्रात 'निदान एक राउंड तरी' असं विचारलंय. नाही.

प्रश्न (हिंगोली): कानात कापूस घालतो, तरी आवाजानं दचकतो. धक्क्यापेक्षा आवाजाचीच भीती वाटते.

उत्तर: कापसाचा उपयोग नाही. .२२ पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो, बंद रेंजमध्ये छतावरून परत येऊन तो अंगावर येतो. परभणीच्या वाचकाला सांगितलेली डुबकी अर्धी धक्क्याची आणि अर्धी या आवाजाची असते. फोमचे प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही एकदम. प्लग बोटांत चोळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर बोंडासारखा लोंबत असेल तर बसलेला नाही. चष्म्याची काडी जाड असेल तर मफची गादी उचलली जाते आणि आवाज तिथूनच शिरतो, बारीक काडीचा चष्मा घ्या.